चिखलात शिकवलेला बर्फ

मी मुलुंडमध्ये बायकांना गाडी शिकवते. गाडीच्या टपावर पाटी आहे, पुढे-मागे लाल ‘एल’ आहे आणि शिकवणारीच्या बाजूला, म्हणजे माझ्या पायाशी, एक जादा क्लच आणि एक जादा ब्रेक आहे. शिकायला येणाऱ्या बायकांचे प्रश्न मला पाठ झालेत. चढावर गाडी मागे आली तर? रिक्षा मध्ये घुसली तर? नवरा बाजूला बसून ओरडला तर? या सगळ्यांची उत्तरं माझ्याकडे तयार असतात. बर्फात गाडी घसरली तर, हे मला त्या वर्षापर्यंत कुणी विचारलं नव्हतं.

विचारलं ते एका नर्सने. तिची ओळख माझ्या नवऱ्याच्या बायपासच्या वेळची. आयसीयूमधून त्याला वॉर्डात आणलं तेव्हा उशाशी लावलेलं मशीन सारखं वाजायचं. ते वाजलं की मी उठून उभी राहायचे. ती यायची, मशीनकडे न बघता आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघायची आणि म्हणायची, “बसा मॅडम. मशीन ओरडतंय, माणूस ठीक आहे.” मी बसायचे. त्या दिवसांत मला बसवणारी ती एकटीच होती.

नवरा घरी आला, चालायला लागला आणि काही महिन्यांनी तीच माझ्या ऑफिसच्या दारात उभी राहिली. जोगेश्वरी ईस्टला आईबरोबर राहणारी, तिशीतली मुलगी. वडील गिरणीतले, ते जाऊन बरीच वर्षं झालेली. तिला कॅनडात नोकरी मिळाली होती. हॉस्पिटलात नाही, तर म्हाताऱ्या पेशंटच्या घरोघरी जाऊन औषधपाणी, ड्रेसिंग बघायचं. गाव लहान, घरं लांब लांब, त्यामुळे गाडी चालवता येणं सक्तीचं.

“लायसन्स आहे?” मी विचारलं.

“आहे मॅडम. गाडी येत नाही.”

मला हसू आलं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका अशाच. तिला नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

गाडी ती लवकर शिकली. हात शांत, नजर शांत. पाच रस्त्याच्या चौकात चहूबाजूंनी हॉर्न वाजत असताना गाडी बंद पडली तरी तिच्या कपाळावर आठी नाही. मी मनात म्हटलं, हिला शिकवायचं काय उरलंय? तेवढ्यात एक दिवस सिग्नलला थांबलेलो असताना तिने विचारलं, “मॅडम, आपली गाडी कुठल्या चाकांवर चालते?”

“चारही,” मी म्हटलं.

“तसं नाही. इंजिन कुठली चाकं फिरवतं? पुढची की मागची? मला तिकडे देणार आहेत ती गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे म्हणे. त्यांनी विचारलंय, अशी गाडी बर्फात चालवलीये का?”

सिग्नल सुटला. मागचा टेम्पो ओरडायला लागला. मी “चल चल, फर्स्ट टाक” म्हणून वेळ मारून नेली. इतकी वर्षं या गाडीत बसून माझा संसार चाललाय आणि तिला पुढून ओढतात की मागून ढकलतात, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

घरी जाऊन नवऱ्याला विचारलं. तो विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग करायचा, आता रिटायर. बायपासनंतर त्याला काहीतरी काम हवंच होतं.

“आपली पुढचीच चाकं फिरतात,” तो म्हणाला. “इंजिन पुढे, वजन पुढे, म्हणून पुढची चाकं नीट चिकटतात. बर्फात निघायला ते बरं.”

“आणि घसरली तर?”

“पुढून घसरली की मागून, त्यावर आहे.”

“म्हणजे?”

“थांब, बघतो.”

त्या ‘थांब, बघतो’मधून आमच्या घरात जो गोंधळ सुरू झाला तो पुढे सगळा पावसाळाभर चालला. तो मोबाइलवर एकामागून एक व्हिडिओ लावायचा आणि मी पोळ्या करता करता ऐकायचे. एक गोरा माणूस गुडघाभर बर्फात उभा राहून सांगायचा, घसरलात की अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा. दुसरा सांगायचा, घसरलात की हलकेच अ‍ॅक्सिलरेटर द्या. दोघंही अगदी खात्रीने बोलायचे. तिसरी एक बाई म्हणायची, घसरण्याच्या दिशेने स्टिअरिंग वळवा. घसरण्याची दिशा म्हणजे कुठली? गाडीचं तोंड जातंय ती की बूड जातंय ती? मी ओट्यावर पाणी ओतलं आणि साबणाची वडी ढकलून बघितली. वडी गोल फिरून सिंकमध्ये पडली.

“बघ, मागून घसरली,” नवरा म्हणाला.

“वडीला मागचं-पुढचं काय असतं रे?”

शेवटी आम्ही दोघांनी मिळून एवढं जमवलं: स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच चालली असेल, तर पुढची चाकं सुटलीत. तेव्हा पाय काढायचा, स्टिअरिंग थोडं परत सरळ करायचं आणि चाकं जमीन धरेपर्यंत दम धरायचा. पण गाडीची शेपटी बाजूला निघाली, तर मागची चाकं सुटलीत. तेव्हा जिकडे जायचंय तिकडे बघायचं, तिकडेच स्टिअरिंग न्यायचं आणि अगदी हलका अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा, म्हणजे पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. दोन्हीकडे ब्रेक करकचून मारायचा नाही. कागदावर हे बरं वाटत होतं. पण घसरतानाच्या त्या क्षणात माणसाला कळणार कसं की आपण पुढून सुटलोय की मागून? नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, “करून बघायला हवं.”

आता मुंबईत बर्फ आणायचा कुठून? मालाडकडे एका मॉलमध्ये कृत्रिम बर्फ होता असं कुणीतरी सांगितलं, पण तिथे मुलं घसरगुंडी खेळत होती. मग नवऱ्याच्याच एका जुन्या सहकाऱ्याने खाडीच्या बाजूची त्याची मोकळी जागा सुचवली. पूर्वी तिथे रेतीचे ढीग असायचे. आता नुसती सपाट चिकणमाती, पावसाने भिजून वर हिरवट शेवाळ धरलेलं, आसपास माणूस नाही की भिंत नाही. तो हसत म्हणाला, “वहिनी, गाडी रुतली तर मला फोन करू नका.”

नर्सला सांगितलं तर ती लगेच तयार झाली. पण ठरल्या दिवशी तिच्याबरोबर तिची आईही होती. देवगडकडची, बारीक चणीची, साडीचा पदर घट्ट खोचलेला.

“माझा चेडू घसरूक चल्ला,” तिने मला सांगितलं, “तर माका बघूक होया.” लेक घसरायला चाललीय, तर तिला ते बघायचं होतं.

मी तिला मागे बसवलं, पट्टा लावून दिला आणि आम्ही मैदानात शिरलो.

पहिल्यांदा सरळ जाऊन ब्रेक मारायचा होता. माझी गाडी जुनी. चाकं जागच्या जागी थांबली आणि गाडी मात्र तशीच पुढे सरकत राहिली, आवाज न करता, जणू आपण कुणी तिचे नाहीच. मी हजारो वेळा ब्रेक मारलाय, मारायला शिकवलाय. ब्रेक मारूनही गाडी चालतेच आहे, हे कसं असतं ते मला पहिल्यांदाच कळलं. नर्सने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी सांगावं अशी तिची अपेक्षा होती.

“असं होतं,” मी म्हटलं.

मग वळण. तिने स्टिअरिंग डावीकडे घातलं आणि गाडी सरळच निघाली. मी ओरडले, “पाय काढ! स्टिअरिंग थोडं सरळ कर!” तिला ते उलटं वाटलं असणार, कारण वळायचंय डावीकडे आणि मॅडम सांगतायत सरळ कर. पण तिने केलं. क्षणभराने पुढच्या चाकांनी माती धरली आणि गाडी आज्ञाधारकपणे डावीकडे वळली. आम्ही दोघी हसलो. मागून आई म्हणाली, “परत कर.”

तिसरा प्रकार मागून घसरण्याचा. ते आपोआप होईना. नवऱ्याने सांगितलं होतं की हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, तो ओढलास की शेपटी निघेल. आम्ही रिक्षाच्या वेगाने निघालो, तिने स्टिअरिंग जरासं वळवलं आणि मी हँडब्रेक ओढून सोडला. गाडीची शेपटी उजवीकडे निघाली. तिने काय केलं ते मी बघितलं. तिने जिकडे जायचं तिकडे मान वळवली, हात मागोमाग नेले, पाय ब्रेकवर नेला नाही. सगळं बरोबर केलं. आणि त्याच वेळी ब्रेक लागला.

तो माझा होता. माझ्या बाजूचा. कधी दाबला, मला कळलंसुद्धा नाही.

चाकं अडकली, गाडी आडवी होऊन सरकत गेली आणि कडेच्या उंच गवतात नाक घालून थांबली. कुणाला काही लागलं नाही. पण ती गोंधळून स्टिअरिंगकडे बघत बसली. “मी चुकले का मॅडम? मी तर ब्रेक मारला नव्हता.”

“नाही, नाही. मी मारला.”

“पण तुम्हीच सांगितलं होतं ना, मारायचा नाही?”

“हो.”

मी दार उघडून खाली उतरले. घोट्यापर्यंत चिखल. तिला म्हटलं, रिव्हर्स टाक, हळू दे. तिने दिलं आणि मी तिथे उभी राहून पाहिलं: पुढची दोन चाकं भिरभिरत चिखल उडवत होती आणि मागची दोन ढिम्म. एवढे दिवस ऐकत होते, ते डोळ्यांना आता दिसलं. तेवढ्यात उडालेला चिखल माझ्या ड्रेसवर आला. आईने खिडकीतून डोकं काढून विचारलं, “मागची चाकां न्हिजली काय?” मागची चाकं झोपलीत का, म्हणून. मला हसू आवरेना. शेवटी पायपुसणी काढून पुढच्या चाकांखाली सारली, अ‍ॅक्सिलरेटर अगदी कमी ठेवून, क्लच हळूहळू सोडत गाडी बाहेर काढली.

परत येताना गाडी मीच चालवत होते. नर्स बाजूला बसली होती.  टोल नाक्याजवळ ट्रॅफिकमध्ये थांबलो तेव्हा मागून आईने विचारलं, “बाय, तुझ्या बाजूक ह्यो दुसरो ब्रेक आसा ना, तसो थय तिच्या गाडयेत असतलो?”

“नाही आई,” मी म्हटलं. “तिथे ती एकटीच असणार.”

“मगे तू त्याका हात लावू नको,” ती म्हणाली.

पाय, असं तिला म्हणायचं होतं. पण मला समजलं. घरी जाऊन अंघोळ करताना मला रडू आलं आणि का येतंय ते नीट कळेना. ती मुलगी माझी कुणी नव्हती. हॉस्पिटलात तिने मला बसवलं होतं, एवढंच. आणि मला तिला धड शिकवता येत नव्हतं, कारण मलाच येत नव्हतं. जे येत होतं ते सगळं आड येत होतं.

पुढच्या वेळी मी शिकवणारीच्या सीटवर मांडी घालून बसले. चपला मागे आईकडे दिल्या. नर्स बघतच राहिली. “मॅडम, अशा बसणार?”

“अशीच. तू चालव.”

मांडी घालून गाडीत बसणं काय असतं, ते ज्याच्या पायाला ब्रेकची सवय आहे त्यालाच कळेल. मी हँडब्रेक ओढला, शेपटी निघाली, माझा उजवा पाय मांडीखाली तडफडला आणि गाडी वेडीवाकडी होत, होत, एकदम सरळ झाली. पुढच्या चाकांनी तिला ओढून नेलं. मी हात आपटून ओरडले, “झकास! काय केलंस? अ‍ॅक्सिलरेटर दिलास की पाय काढलास?”

ती विचार करायला लागली. “माहीत नाही हो मॅडम.”

“आठव ना.”

“खरंच नाही आठवत. मी फक्त त्या झाडाकडे बघत होते.”

पुन्हा केलं. पुन्हा जमलं. पुन्हा तिला सांगता आलं नाही. मला पेच पडला. जमतंय, पण का जमतंय ते करणारीला ठाऊक नाही आणि शिकवणारीलाही नाही. हे शिकणं म्हणायचं की नशीब?

ती जायच्या आधी आणखी एक लक्षात आलं. तिकडे स्टिअरिंग डावीकडे असणार, गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने जाणार. म्हणून मी तिला माझ्या जागेवर बसवलं, स्वतः चालवलं आणि म्हटलं, नजरेला सवय कर, तू इथून रस्ता बघणार आहेस. ती डाव्या सीटवरून बघत राहिली. जरा वेळाने म्हणाली, “मॅडम, तिकडे गाडीला क्लचच नसणार. ऑटोमॅटिक आहे.”  इतके दिवस मी तिला क्लच हळू सोड, क्लच हळू सोड म्हणून घोकवत होते.

ती गेली. विमानतळावर मी गेले नाही. आईने फोन करून सांगितलं की पोचली. मग हिवाळा आला. म्हणजे तिच्याकडे. इथे मुलुंडला आम्ही फक्त पंखा एकवर करतो.

एका संध्याकाळी मी एका शिकाऊ बाईला सोडून कडेला गाडी लावली होती, तेवढ्यात तिचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडे सकाळ. डोक्यावर लोकरीची टोपी, नाक लाल. ती गाडीत होती, पण गाडी उभी. काचेबाहेर नुसतं पांढरं.

“मॅडम, तुम्ही मला पेडल थरथरतं हे सांगितलंच नव्हतं.”

“कुठलं पेडल?”

मग तिने सांगितलं. एका आजोबांच्या घरी निघाली होती. उतार होता, खाली छोटा पूल. रस्ता काळा, ओला वाटत होता, पण तो बर्फ होता, पारदर्शक, काचेसारखा. पुलावर एक गाडी अडकलेली दिसली म्हणून तिने ब्रेक लावला. पेडल पायाखाली खडखडायला, थरथरायला लागलं. तिला वाटलं ब्रेक तुटला. शिवाय मॅडमचं वाक्य डोक्यात, घसरताना ब्रेक करकचून मारायचा नाही. तिने पाय काढला. गाडी आणखी पळाली. पुन्हा दाबला, पुन्हा थरथरलं, पुन्हा काढला. तोवर पुढची गाडी जवळ आली. मग तिने कडेला साचलेल्या भुसभुशीत बर्फाच्या ढिगाकडे बघितलं, स्टिअरिंग तिकडे नेलं आणि गाडी त्या ढिगात घातली.

“लागलं का गं तुला?”

“नाही. नुसता धप्प आवाज झाला. पुलावर अडकलेल्या गाडीतली बाई उतरून आली आणि मलाच विचारते, तू ठीक आहेस का. मी म्हटलं, मी नर्स आहे.” ती हसली आणि हसता हसता थांबली. “मॅडम, हात अजून थरथरतायत. माझे हात कधी थरथरत नाहीत.”

तिला असं कधी पाहिलंच नव्हतं.  माझ्या तोंडून निघालं, “बसून राहा जरा. लगेच निघू नकोस.” ती हो म्हणाली. मी फोन धरून बसले, ती तिकडे बसली. आजोबांना उशीर होईल असं तिने कळवलं होतं. माझ्या काचेबाहेर वडापावची गाडी, तिच्या काचेबाहेर पांढरं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “आता ठीक,” आणि फोन ठेवला.

घरी आल्यावर नवऱ्याने शोधून काढलं. नव्या गाड्यांत ब्रेक आपोआप दाबला-सोडला जातो, चाकं अडकू नयेत म्हणून. पेडल थरथरतं ते त्यामुळेच. अशा गाडीत उलट घट्ट दाबून धरायचं आणि स्टिअरिंगने वाट काढायची. आमच्या जुन्या गाडीत ती सोय नव्हती, म्हणून मैदानावर ते कळलंच नाही.

“म्हणजे मी तिला चुकीचं शिकवलं?” मी विचारलं.

“आपल्या गाडीसाठी बरोबर शिकवलंस.”

“ती आपल्या गाडीत नाहीये रे.”



पुढच्या आठवड्यात तिचा पुन्हा फोन आला. तिकडच्या एका शिक्षकाने तिला रिकाम्या पार्किंगमध्ये नेऊन पेडल मुद्दाम थरथरवून दाखवलं होतं. तिला आता सवय झाली होती. आणखी बरंच काही ती सांगत होती: पूल रस्त्याच्या आधी गोठतो, बर्फासाठीचे खास टायर चारही चाकांना हवेत, नुसते पुढे लावले तर मागची चाकं दगा देतात, चढावर मध्ये थांबायचं नाही, पुढच्या गाडीपासून इतकं लांब राहायचं की मुंबईत त्या जागेत एक बस आणि चार रिक्षा शिरतील.

“मग आपण मैदानात केलं ते सगळं वाया?” मी विचारलं.

“नाही मॅडम. अर्धं तरी कामाला येतं.”

“कुठलं अर्धं?”

“तेच नीट सांगता येत नाही.”

वर्ष सरलं. माझी जुनी गाडी गेली, नवी आली, तिचं पेडल थरथरतं. आता मी प्रत्येक बाईला मोकळ्या रस्त्यावर नेऊन, मागे कुणी नाही ना बघून, एकदा कचकन ब्रेक मारायला लावते. मातीवर, पावसात थरथरतं ते. बायका दचकून पाय काढतात. मी सांगते, काढू नको, धरून ठेव. का, असं विचारलं तर मला आता थोडंफार सांगता येतं.

मध्यंतरी तिचा फोन आला तेव्हा तिच्याकडे बर्फ वितळला होता. रस्ते कोरडे, झाडांना पालवी. तिची आईही काही दिवसांसाठी तिकडे गेली होती, मागच्या सीटवरून दिसत होती, पट्टा घट्ट लावून. मी म्हटलं, “आता मज्जा आहे ना? कोरडा रस्ता!”

“नाही ना मॅडम,” ती म्हणाली. “आता मला कोरड्या रस्त्याची भीती वाटते. दिसतो तसाच आहे यावर विश्वासच बसत नाही. मी अजून हळूच जाते. मागचे लोक वैतागतात. काय करू?”

मी विचार केला. इतक्या वर्षांत शिकवलेलं सगळं आठवून पाहिलं.

“जाऊ देत त्यांना पुढे,” मी म्हटलं. 

मागून आई म्हणाली, “तांच मी सांगतंय तिका.”